धक्का, सडा आणि खांब : बेती ते पर्वरी, एका पसऱ्याचा प्रवास

आमच्या घरात उधारीच्या तीन वह्या आहेत. पहिली पणजीसमोर मांडवीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या बेतीच्या फेरीधक्क्यावरच्या दुकानाची, दुसरी त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पर्वरीच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, तिसरी अजून चालू आहे. पहिली जवळजवळ कोरी आहे. लहानपणी मला वाटायचं, आजोबा फार कडक असणार, कुणाला उधार देतच नसतील. खरं कारण पुढे कळलं. धक्क्यावरचं गिऱ्हाईक फेरी पकडणारं. त्याला उधार देऊन करायचं काय? चहा, विडी, केळी, काडेपेटी, हातात सुटे पैसे आणि चालू पडा. दुसरी वही मात्र नावांनी भरलेली, आणि नावांपुढे घरनंबर. वही उघडली की दुकान कुठल्या रस्त्यावर होतं ते समजतं.

गोव्यात किराणा दुकानाला पसरो म्हणतात, दुकानदाराला पसरकार. हा अभ्यास आमच्या पसऱ्याचा आहे. रस्ता बदलला की दुकानं हलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशाच्या मागे हलतात, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत. लोक म्हणतात रहदारीच्या मागे. आमच्या वह्यांवरून तसं दिसत नाही. दुकान थांब्याच्या मागे जातं, आणि थांबा कुठे पडायचा ते रस्ता बांधणारा ठरवतो, बहुतेकदा त्याला स्वतःला पत्ताही नसताना.

धक्का

मांडवीवर पूल नव्हता तेव्हा म्हापशाहून पणजीला येणं म्हणजे दोन प्रवास. गाडी बेतीपर्यंत, पुढे फेरीबोट. अंतर सगळं मिळून तेरा-चौदा किलोमीटरचं, पण मध्ये नदी. जुनी माणसं बसला कामयांव म्हणायची. तो कामयांव सड्यावरून उतरून धक्क्यापाशी रिकामा व्हायचा आणि पलीकडून येणाऱ्यांची वाट बघत उभा राहायचा. एक फेरी गेली की दुसरी येईपर्यंत माणसांना काही काम नसायचं. आजोबांचं दुकान त्या रिकाम्या वेळावर चालायचं. शेजारी भाजीपावचा गाडा, न्हावी, एक तावेर्न म्हणजे दारूचं दुकान, छत्र्या दुरुस्त करणारा. बेती गाव म्हणून मोठं नव्हतं. बाजार गावाचा नव्हताच, तो फेरीचा होता.

पलीकडे पणजीतही हेच गणित, जरा मोठ्या आकारात. फेरी जुन्या सचिवालयाजवळ, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या परिसरात लागायची. उतरलेला माणूस पायीच शहरात शिरायचा. नदीकाठच्या रस्त्यावरची आणि त्यामागच्या गल्ल्यांतली दुकानं त्याच्या वाटेवर असायची.

१९७० साली पूल सुरू झाला. आजोबा सांगायचे की उद्घाटनाची गर्दी बघायला सगळं बेती गेलं होतं, दुकानदारसुद्धा दुकानं बंद करून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि कामयांव आलाच नाही. तो वरून, पुलावरून, सरळ पणजीत गेला होता.

पूल पणजीला पूर्वेच्या टोकाशी, पाटोच्या बाजूने उतरला. पुढे कदंब या सरकारी बससेवेचा स्टँडही तिथेच आला. पणजीने हे पचवलं, कारण शहराकडे गिऱ्हाईक यायला दुसरीही कारणं होती : कचेऱ्या, कॉलेज, इस्पितळ, कोर्ट. बाजाराचा कल थोडा सरकला, एवढंच. अठरा जून रस्ता, पणजीच्या बाजारपेठेतला मोठा रस्ता, काही ओस पडला नाही. बेतीकडे दुसरं कारण नव्हतं. एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच पुलाचे दोन वेगळे परिणाम झाले. पुलाने शहराला माणूस आणून दिला आणि धक्क्याचा माणूस काढून घेतला.

आजोबांनी दुकान बंद केलं नाही. शेजारच्या मालीमला मासेमारीच्या होड्या होत्या, वेरे गावाकडची माणसं होती, फेरी पायी जाणाऱ्यांसाठी चालूच होती. ती आजही चालते, आणि पायी प्रवाशाला फुकट आहे. विक्री पाव झाली. तरी आजोबांचं एकच म्हणणं, ‘पूल लोखंड-सिमेंटाचा, नदी देवाची.’ आम्ही हसायचो.

सडा

पर्वरीचा सडा तेव्हा उजाड होता. चिऱ्याचा खडक, पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात काळा तापलेला कातळ. शेती नाही म्हणून वस्ती विरळ, आणि वस्ती विरळ म्हणून जमीन स्वस्त. पूल झाल्यावर हाच सडा पणजीपासून दहा मिनिटांवर आला. आधी घरं आली, त्यांत हाऊसिंग बोर्डाची वसाहत. सरकारी नोकर, शिक्षक, बँकेतली माणसं. म्हणजे महिन्याला पगार घेणारी आणि महिन्याने पैसे देणारी. बाबांनी १९८४ मध्ये सड्यावर हमरस्त्याला लागून गाळा घेतला. दुसरी वही तिथे सुरू झाली.

आजोबा आणि बाबा यांच्यात यावरून जे वाजलं ते घरात अजून निघतं. बाबांचं म्हणणं, सगळ्या गाड्या वरून जातात, दुकान वर पाहिजे. आजोबांचं म्हणणं, गाड्या जातात, थांबतात कुठे?

त्यात ५ जुलै १९८६ ला पूल पडला.

ऐन पावसाळा. मांडवीच्या दोन्ही काठांना एकदम सोळा वर्षांपूर्वीचे दिवस आले, फक्त गाड्या आणि माणसं कितीतरी पटींनी जास्त. फेऱ्या वाढवल्या तरी वाहनांची रांग धक्क्यापासून चढणीवर जायची. आणि रांग म्हणजे काय? थांबलेली माणसं, हात रिकामे, भूक लागलेली. आजोबांच्या दुकानात पहिल्या आठवड्यात छत्र्या संपल्या, मग मेणबत्त्या, मग बिस्किटं. भाजीपावचा गाडा एकाचे चार झाले. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत सहा वर्षं बेती पुन्हा बाजार होती. बाबांच्या दुकानासमोरून तीच वाहनं जात होती, पण त्यांना पुढे फेरी गाठायची घाई. सड्यावर कुणी उतरत नसे.

या सहा वर्षांना मी या अभ्यासाचा गाभा मानतो. एरवी रस्त्याचा परिणाम वेगळा काढून दाखवणं अवघड असतं. रस्ता होतो तेव्हाच वस्ती वाढते, पगार वाढतात, माणसांच्या सवयी बदलतात, आणि दुकान कशामुळे चाललं ते सांगता येत नाही. इथे एका दिवसात पूल गेला, बाकी सगळं तसंच राहिलं. सड्यावरून जाणारी वाहनं साधारण तीच. फरक पडला तो वाहनं कुठे थांबतात यात, आणि धंदा दोन किलोमीटर खाली सरकला. मग पूल आला आणि तितक्याच मुकाट्याने परत वर गेला. आजोबांनी १९९२ च्या शेवटी दुकान बंद केलं. उधारीवाले मोजके चार-पाच, ते येऊन हिशेब चुकता करून गेले. बाकीचे, ज्यांनी सहा वर्षं दुकान चालवलं, त्यांना ते बंद झाल्याचं कळलंही नसेल.

डावी बाजू, उजवी बाजू

सड्यावरचं दुकान तरलं ते वाहनांवर नाही, वसाहतीवर. हे समजायला बाबांना दहा वर्षं लागली. हमरस्त्यावरचा गाळा महाग आणि गिऱ्हाईक मात्र मागच्या गल्लीतलं. मग हमरस्त्याचा फायदा कुणाला?

आमचा गाळा पणजीहून म्हापशाला जाताना डाव्या हाताला आहे. म्हणजे संध्याकाळी घरी परतणाऱ्यांच्या बाजूला. हे निव्वळ नशीब. माणूस सकाळी कामाला जाताना नाश्ता करतो, पेट्रोल भरतो, पंक्चर काढतो. खरेदी करतो घरी जाताना. भाजी, दूध, पाव, मुलांची वही, पाहुणे येणार असतील तर मिठाई, आणि गोवा आहे म्हणून एखादी बाटली. सड्यावर बरीच वर्षं डावीकडे असा माल दिसायचा आणि समोर टायरवाले, गॅरेजं, सकाळची हॉटेलं. कुणी ठरवून केलेलं नाही. ज्याने चुकीच्या बाजूला दुकान टाकलं तो दोन वर्षांत उठला, एवढंच.

दुभाजक येईपर्यंत हे दोन्ही अंग एकमेकांशी जोडलेले होते. गॅरेजात स्कूटर दिलेला माणूस रस्ता ओलांडून आमच्याकडे सोडा प्यायचा. दुभाजक झाला तेव्हा आमच्यासमोर एक फट होती, तिच्यातून लोक ये-जा करायचे. एक दिवस ती फट बंद झाली. अपघात टाळायला केलं, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, त्या जागी माणसं दगावली आहेत. पण त्या दिवसापासून समोरचं दुकान आमच्यासाठी दुसऱ्या गावात गेलं. ओलांडायला एक सोय दिली असती तर अपघातही टळले असते आणि बाजारही. रस्त्याच्या आराखड्यात वाहनाने कुठे वळायचं याची रेघ असते. चहा प्यायला पलीकडे जाणाऱ्या माणसाची रेघ मी कधी पाहिली नाही.

याच सुमारास एक वेगळा धंदा वाढताना दिसला. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद भारतात झाली आणि विश्रांतीच्या दिवसांसाठी पाहुणे गोव्यात आले. त्यांच्यासाठी पर्वरीहून सांगोल्डा, साळगावमार्गे किनाऱ्याकडे जाणारा रस्ता नीट केला. पाहुणे दोन दिवसांत गेले, नाव मात्र राहिलं : चोगम रोड, परिषदेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून. आज त्यावर फर्निचरची, घरसजावटीची, टाइल्सची दुकानं आहेत. अशा दुकानाला थांबा लागत नाही, गिऱ्हाईक घरून ठरवून निघतं. त्याला लागते ती ऐसपैस जागा आणि गाडी लावायची सोय. हमरस्त्याच्या फाट्यावरून आत वळलं की दोन्ही मिळतात. (याच फाट्यावरच्या ओ कोकेरो हॉटेलात १९८६ च्या एप्रिलात कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज पकडला गेला. पूल पडायच्या तीन महिने आधी. बाबा दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, जणू त्यांचा काही संबंध असावा.)

२००० साली विधानसभा आदिलशहाच्या वाड्यातून उठून सड्यावर आली, मागोमाग मंत्र्यांच्या कचेऱ्या. आम्हाला वाटलं, आता पर्वरीचं सोनं झालं. झेरॉक्सवाल्यांचं आणि जेवणाच्या हॉटेलांचं झालं. पसऱ्याला काही विशेष नाही. विधानसभेत येणारा माणूस तांदूळ घ्यायला येत नाही.

बाजाराविना शहर

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा अभ्यास अर्धवट राहील. पर्वरी शहर दिसते, पण नगरपालिका नाही. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद अशा पंचायतींत ती विभागलेली. म्हापशाला नगरपालिकेचं मार्केट आहे आणि शुक्रवारचा बाजार आहे. तिथे महामार्ग बाहेरून गेला तरी शुक्रवारी माणूस आत येतोच, कारण बाजाराची जागा आणि वार दोन्ही ठरलेले आहेत. बाहेरून आलेल्या रस्त्याला तिथे आतल्या बाजाराशी जमवून घ्यावं लागतं. पर्वरीत जागा नाही, वार नाही, मग बाजार कुठे भरणार? हमरस्त्यावर. म्हणजे इथे महामार्ग हाच तिंटो, गावच्या बाजाराची जागा. त्यामुळे महामार्गाबद्दल दिल्लीत घेतलेला कुठलाही निर्णय पर्वरीत बाजाराबद्दलचा निर्णय होतो.

याचा नमुना २०१७ मध्ये दिसला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिलपासून अंमल. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणांसाठी अंतर २२० मीटरवर आणलं. हेतू रास्त होता, महामार्गावर पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आवरायचं होतं. पण जिथे महामार्ग हाच बाजार, तिथे २२० मीटर म्हणजे बाजाराच्या बाहेर. आमच्या शेजारचा बार बंद झाला आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की आमचे शेंगदाणे, सोडा, सिगारेटी, रात्री साडेआठनंतरची जवळजवळ सगळी विक्री त्या बारच्या आधाराने चालत होती. जुलैत नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना मोकळीक मिळाली. आम्ही पंचायतीत. रस्ता तोच, गर्दी तशीच, पण कागदावर खेडं. पुढच्या वर्षी पंचायतींचा प्रश्न राज्यांवर सोपवला गेला, मग बार उघडला. मालकाने तोपर्यंत अर्धी जागा मोबाइलवाल्याला दिली होती, ती त्याने परत घेतली नाही.

२०१९ च्या २७ जानेवारीला अटल सेतू खुला झाला, जुन्या जोडपुलांच्या डोक्यावरून जाणारा. मडगाव-फोंड्याकडची वाहनं पणजीत न शिरता वरच्या वर निघून जाऊ लागली. पणजीतले काही हॉटेलवाले तेव्हा घाबरलेले मला आठवतात. आमच्यावर परिणाम कमी झाला, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. अटल सेतूवर दुचाकीला बंदी. दुचाकी जुन्याच पुलावरून येते, आणि पसऱ्याचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक दुचाकीवाला. तो कुठेही थांबतो, एक पाय जमिनीवर टेकवून दहा रुपयांची कोथिंबीर घेतो. गाडीवाल्याला थांबायला जागा हवी, जागा मिळेपर्यंत दुकान मागे पडतं. पणजी-म्हापसा शटल बस तर भरून जाते, पण मध्ये थांबतच नाही. पन्नास गिऱ्हाइकं समोरून जातात आणि एकही आपलं नाही. रहदारी मोजून दुकानाचं भाडं ठरवणाऱ्यांनी एकदा शटलकडे बघावं.

खांब

आता सध्याचा टप्पा. सड्यावरून सहापदरी उन्नत मार्ग होतो आहे, सांगोल्ड्याच्या बाजूपासून मॉल द गोवापर्यंत, सुमारे पाच किलोमीटर. काम २०२४ मध्ये सुरू झालं. रस्ता खणला, वाहनं सेवारस्त्यावर वळवली, आणि धूळ इतकी की प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. आम्ही दुकानाला प्लास्टिकचे पडदे लावले. पाव आणि मिठाई उघडी ठेवणं बंद केलं. २०२५ च्या मार्चमध्ये रस्त्यालगतच्या खाप्रेश्वर देवस्थानाचा वड हलवला गेला, त्यावर बरंच रान पेटलं. मी त्या वादात शिरत नाही. फक्त एवढं सांगतो की सड्यावर वाहनवाले आपणहून गाडी थांबवायचे अशा जागा मोजक्याच, त्यातली ती एक. हात जोडायला का होईना, माणूस उतरायचा.

आमच्यासारख्या दुकानदारांच्या बैठकांत दोन भीती एकत्र कालवल्या जातात, त्या वेगळ्या करायला हव्यात. एक कामाच्या काळाची : धूळ, बंद वाट, दोन-अडीच वर्षांचा तोटा. ही खरी आहे, आणि छोटा दुकानदार इथेच मरतो, कारण त्याच्याकडे दोन वर्षं ओढायला भांडवल नसतं. काम संपल्यावर रस्ता कितीही छान झाला तरी तो बघायला तो तिथे नसतो. त्याच्या जागी साखळी दुकान येतं आणि आपण म्हणतो, रस्त्यामुळे बाजार सुधारला.

दुसरी भीती, सगळी वाहनं वरून जातील आणि खाली स्मशान होईल. ही मला पटत नाही. वरून जाणारा माणूस आजही आमचा नाही. तो गेला तर खालचा रस्ता हळू होईल, आणि हळू रस्ता दुकानाला चांगला. खांबांच्या मधून ओलांडायला वाट ठेवली, बसथांबे दुकानांच्या ओळीत ठेवले, पायलटना, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांना, उभं राहायला जागा दिली, तर ती बुजवलेली फट परत मिळेल आणि सड्याच्या दोन बाजू पुन्हा एक बाजार होतील. उलट खाली खांबांना कुंपण घातलं आणि मधली जागा मोटारी लावायला दिली, तर दुभाजकाची भिंत होईल. दोन्ही शक्यता एकाच पुलात आहेत. उताराच्या पायथ्याशी असलेल्या दुकानांची मात्र मला काळजी वाटते. तिथे वाहन वेगात उतरतं आणि वेगात चढतं, पाय टेकायला कुणी थांबणार नाही. आमचा गाळा मधल्या पट्ट्यात आहे. पुन्हा नशीब.

चुलतभावाला, म्हणजे सध्या दुकान बघतो त्याला, सुकूरच्या बाजूला आतल्या रस्त्यावर गाळा मिळतो आहे. भाडं कमी, समोर तीन नव्या इमारती, लिफ्टच्या खाली उतरून चपला घालून येणारं गिऱ्हाईक. त्याचं मन तिकडे आहे. बाबा म्हणतात थांब, काम होऊ दे. म्हणजे १९८४ मध्ये रस्त्याकडे पळालेला माणूस आता आजोबांच्या जागेवरून बोलतो. मला विचारलं तर मी आतला गाळा घे म्हणेन, आणि बाहेरचाही सोडू नको म्हणेन. त्यावर भाऊ म्हणाला, दोन गाळ्यांचं भाडं तू भर.

तोवर तिसऱ्या वहीत नवी नावं आली आहेत. बिहार, झारखंड, बंगालकडून उन्नत मार्गाच्या कामावर आलेली मुलं आमच्याकडून आठवडाभर पीठ, बटाटे, तेल, साबण नेतात. पगार झाला की येऊन हिशेब चुकता करतात. भावाने त्यांना विचारलं, खाली बसचा थांबा कुठे येणार? त्यांना ते सांगता येईना. एकसारखी नावं बरीच असल्यामुळे बाबा वहीत नावापुढे तो मुलगा ज्या खांबावर काम करतो त्याचा नंबर लिहितात, पूर्वी वसाहतीतल्या घराचा लिहायचे तसाच.